ड्युरँडसाहेबाची रेघ

गझनीच्या किल्ल्याला काबूल दरवाजा नावाचा एक दरवाजा होता. १८३९ साली, पहिल्या अफगाण युद्धात, इंग्रज फौजेने रात्रीच्या अंधारात दारूची पोती लावून तो उडवला आणि किल्ला घेतला. त्या कामगिरीवरच्या तुकडीत हेन्री मॅरियन ड्युरँड नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. पुढे हाच अधिकारी चढत चढत पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. १८७० सालच्या अखेरीस तो सरहद्दीच्या दौऱ्यावर निघाला आणि डेरा इस्माईल खानजवळच्या टांक या गावी पोहोचला. साहेबाची स्वारी हत्तीवरून गावात शिरायची होती. वेशीची कमान ठेंगणी पडली. अंबारीतला साहेब कमानीत सापडून खाली फेकला गेला आणि १८७१ च्या १ जानेवारीला मरण पावला. कादंबरीत मी असे काही लिहिले असते, तर योगायोग फार झाला म्हणून संपादकांनी ते पान कापले असते.

या हेन्रीचा मुलगा मॉर्टिमर तेव्हा एकवीस वर्षांचाही झालेला नव्हता. आज ड्युरँड म्हटले की जो आठवतो तो हा मुलगा. फुटबॉलप्रेमींना तो ड्युरँड चषकामुळे ठाऊक असतो. १८८८ साली सिमल्याच्या अ‍ॅनंडेल मैदानावर त्यानेच ही स्पर्धा सुरू केली. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना तो ड्युरँड रेषेमुळे ठाऊक असतो. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यामधली सुमारे २,६०० किलोमीटरची ही रेघ त्याच्या सहीने अस्तित्वात आली. या रेघेवरून गेल्या सव्वाशे वर्षांत रायफली गेल्या, अफू आणि हेरॉइन गेले, चहा आणि टायर गेले, आणि हातात शस्त्र घेतलेली माणसे तर सतत जात-येत राहिली. मी उभी हयात बँकेत काढली, त्यातली पुष्कळ वर्षे विदेशी विनिमय खात्यात. दोन बाजारांत एकाच मालाचे दोन भाव असले, की मधली वाट कोणी ना कोणी शोधतोच, हे त्या खात्यात पहिल्या वर्षातच कळते. ड्युरँडच्या चरित्राकडे मी वळलो तो या वाटेने. शिवाय हा गृहस्थ दिवसा सरकारी फायली आणि रात्री कादंबरी लिहिणारा होता, त्यामुळे थोडी भाऊबंदकीही वाटली.

मॉर्टिमरचा जन्म १४ फेब्रुवारी १८५० चा, भोपाळजवळच्या सिहोरचा. तो सात वर्षांचा असताना सत्तावनचा उठाव झाला. बाप तेव्हा इंदूरला गव्हर्नर जनरलचा प्रतिनिधी होता. १ जुलैला रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि बापाला बायकामुलांना घेऊन निघावे लागले. त्या पळापळीचे हाल आईला सोसले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये ती महूला वारली. साम्राज्य म्हणजे काय, हे या घराला असे घरातूनच कळलेले होते. १८७३ मध्ये मॉर्टिमर सनदी नोकरीत शिरला, बंगालमध्ये थोडा राबला आणि लवकरच परराष्ट्र खात्यात आला. फारसी तो उत्तम बोलत असे. नोकरीच्या दृष्टीने या एका गुणाने त्याचे आयुष्य ठरवले.

१८७९ च्या सप्टेंबरात काबूलमधला ब्रिटिश वकील कॅव्हॅग्नारी आणि त्याचे लोक मारले गेले. सूड घ्यायला जनरल रॉबर्ट्स फौज घेऊन निघाला, त्याच्याबरोबर राजकीय सचिव म्हणून हा एकोणतीस वर्षांचा तरुण होता. काबूलमध्ये फासाचे खांब उभे राहिले. रॉबर्ट्सच्या जाहीरनाम्यांतली काही भाषा ड्युरँडला पटली नव्हती, हे त्याच्या रोजनिशीवरून दिसते. पण रोजनिशीत नाराजी आणि कागदावर वरिष्ठांच्या हुकमाची तामिली, हे आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला ओळखीचे वाटावे. ती नाराजी पुढे त्याने कादंबरीत घातली. १८९२ साली जॉन रॉय या टोपणनावाने त्याची ‘हेलन ट्रेव्हेरिअन’ निघाली, तिच्यात काबूलची ही मोहीम आहे. हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव असताना माणूस टोपणनावाने कादंबरी छापतो, याचे मला तरी कौतुक वाटते. आमच्या बँकेत कथा छापून आली तरी खुलासा मागवत.

परराष्ट्र सचिवाच्या खुर्चीवर तो पस्तिशीच्या आसपासच बसला आणि १८९४ पर्यंत राहिला. त्या काळात इंग्रजांच्या डोक्यात एकच भय होते, ते रशियाचे. १८८५ च्या मार्चमध्ये रशियन फौजेने पंजदेह येथे अफगाणांना हटवले आणि लंडनला युद्धाची तयारी सुरू झाली. नेमका त्याच सुमारास अमीर अब्दुर रहमान रावळपिंडीला लॉर्ड डफरिनच्या भेटीला आलेला होता. युद्ध टळले, पण अफगाणिस्तानला चारही बाजूंनी हद्द आखून द्यायची हे तेव्हापासून ठरल्यासारखे झाले. रशिया आणि हिंदुस्थान एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये एक उशी हवी होती. उशीचे काम ज्याच्याकडे आले, त्या अमिराला ते काम आवडले होते असे नाही, पण त्याची किंमत कशी वसूल करायची हे तो जाणून होता.

इथे ड्युरँडच्या धाकट्या भावाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण डोंगर आणि लूट यांचा संबंध तिच्यात फार स्वच्छ दिसतो. अल्जरनॉन ड्युरँड १८८९ पासून गिलगिटला ब्रिटिश एजंट होता. त्याच्या उत्तरेला हुंझा. खोऱ्यात शेतीला जमीन टीचभर, पण माथ्यावरच्या वाटा ठाऊक फक्त तिथल्या लोकांना. त्या वाटांनी उतरून ते लेह-यारकंद मार्गावरचे व्यापारी तांडे लुटत आणि कोणी पाठलाग करण्यापूर्वी घरी परतत. हुंझाच्या मीराचे राज्य अशा उत्पन्नावर चालत असे आणि तो चीन, रशिया व इंग्रज या तिघांशीही संधान बांधून असे. तीन साम्राज्यांच्या सांध्यावर बसलेल्याला तिघांकडूनही काही ना काही मिळते. १८९१ च्या डिसेंबरात अल्जरनॉनने निल्टचा किल्ला घेतला, तेव्हा त्याला गोळी लागली. ती शिशात मढवलेल्या गार्नेटच्या खड्याची होती. तिथे खडे मुबलक, शिसे महाग. थोरला ड्युरँड दोन वर्षांनी काबूलला गेला तो घरची एवढी माहिती गाठीशी बांधून.

काबूलची ती शिष्टाई हा त्याच्या आयुष्याचा कळस. १९ सप्टेंबर १८९३ रोजी तो पेशावरहून निघाला, २ ऑक्टोबरला काबूलला पोहोचला. बरोबर इंग्रजी फौज नव्हती. रक्षणाची जबाबदारी अमिराच्या शिपायांवर सोपवली होती. कॅव्हॅग्नारीला मारून चौदा वर्षेच झाली होती, हे लक्षात घेतले तर या गोष्टीला छाती लागते. अमिराने त्याची बडदास्त उत्तम ठेवली. मध्यस्थीला सॉल्टर पाइन हा इंग्रज इंजिनिअर होता; अमिराचे काबूलमधले शस्त्रांचे कारखाने तोच पाही. अमिराच्या नावावर निघालेल्या आत्मचरित्रात एक नामी तपशील आहे. बोलणी चालली असताना पडद्याआड अमिराचा मीर मुन्शी सुलतान महंमद खान बसवलेला होता आणि तो प्रत्येक शब्द टिपून घेत होता. हा मुन्शी म्हणजे पुढच्या काळातल्या फैज अहमद फैज या कवीचा बाप. दोघे मातब्बर फारसीत डोंगरांची वाटणी करताहेत आणि पडद्यामागे फैजच्या बापाचा बोरू कुरकुरतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

अमिराची तक्रार रास्त होती. इंग्रजांनी खोजक डोंगर पोखरून चमनपर्यंत रेल्वे आणली होती. तो बोगदा त्याला आपल्या पोटात खुपसलेल्या सुऱ्यासारखा वाटे. डोंगरातल्या टोळ्या त्याच्या धर्माच्या आणि भाषेच्या होत्या, त्या हातच्या जाऊ देणे त्याला जड जात होते. तरीही १२ नोव्हेंबर १८९३ रोजी त्याने सही केली. सात कलमांचा कागद. अमिराने स्वात, बाजौर, चित्रालमध्ये हात घालायचा नाही. वझिरिस्तान आणि चागाईवरचा हक्क सोडायचा. बदल्यात अस्मार आणि बिरमल त्याच्याकडे राहायचे. दरसाल मिळणारे बारा लाख रुपये अठरा लाख करायचे. आणि शेवटच्या कलमात, अमिराने दारूगोळा विकत घेऊन आपल्या देशात आणला तर हिंदुस्थान सरकार हरकत घेणार नाही. रेघ आणि बंदूक एकाच कागदावर आली ती अशी.

सीमेवरची जी माणसे या कागदाने दोन्हीकडे वाटली गेली, त्यांना कोणी विचारले नाही. त्या काळाच्या रीतीला धरूनच ते होते. अमिराने दुसऱ्या दिवशी दरबार भरवून सरदारांना मजकूर ऐकवला आणि ड्युरँडने तिथे फारसीत भाषण केले. त्यातही वझिरी, मोहमंद, आफ्रिदी यांच्या डोंगरातली गावे अर्थातच नव्हती. पुढे आखणी करणाऱ्या तुकड्या १८९४ पासून डोंगरात गेल्या तेव्हा नकाशा आणि जमीन जुळेना. करारात अर्नवाई आणि बशगल ही एकाच खोऱ्याची दोन नावे धरली होती. प्रत्यक्षात ती दोन निरनिराळी खोरी निघाली. बशगल अखेर अमिराकडे गेले. १८९५-९६ च्या हिवाळ्यात त्याने त्या काफिरिस्तानावर स्वारी केली, लोकांना मुसलमान केले आणि मुलखाला नूरिस्तान नाव दिले. नकाशावरच्या एका नावाच्या घोटाळ्यात एका मुलखाचा धर्म बदलला. मोहमंदांच्या भागात तर जमिनीवर खुणा धड रोवल्याच गेल्या नाहीत.

पण ड्युरँडच्या रेघेपेक्षा महत्त्वाची एक दुसरी रेघ होती, ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. इंग्रजांचा कायदा, महसूल, पोलीस ड्युरँडच्या रेघेपर्यंत कधी गेलेच नाहीत. ते डोंगराच्या पायथ्याशी थांबत. म्हणजे रेघा दोन झाल्या, एक राज्याची आणि एक राज्यकारभाराची; आणि दोहोंच्या मध्ये टोळ्यांचा पट्टा उरला. तिथे कोर्ट नाही, कर नाही. गुन्हा एकाने केला तर दंड सगळ्या जमातीला, असा सरहद्द गुन्ह्यांचा खास कायदा होता. १९०१ साली कर्झनने त्याला पक्के रूप दिले. बँकेच्या हिशेबात उचंत खाते असते. ज्या रकमेचे काय करायचे ते ठरत नाही ती तात्पुरती तिथे टाकून ठेवतात. खाते तात्पुरते असते, रक्कम मात्र वर्षानुवर्षे तिथेच पडून राहते, आणि घोटाळा झाला तर तपासनीस सर्वांत आधी तेच खाते उघडतात. हा पट्टा साम्राज्याचे उचंत खाते होते. इंग्रज गेले, पाकिस्तान आला. खाते तसेच पुढे ओढले गेले. थेट २०१८ साली ते खैबर पख्तुनख्वा प्रांतात मिळवले गेले.

पहिला फटका चार वर्षांत बसला. १८९७ साली, पुण्यात रँडचा वध झाला त्याच वर्षी, मलाकंदपासून तिराहपर्यंत डोंगर पेटले. सारागढीची लढाई याच उठावातली. तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. उठावाला मुल्लांची चिथावणी होती, इतर कारणेही होती. पण आपल्या दारातून रेघ गेली आणि आता साहेब आत येणार ही धास्ती त्यांत मोठी होती. रेघेचा उपयोगही टोळ्यांना चटकन कळला. अलीकडे मार बसला की पलीकडे जायचे, थंडी सरली की परत यायचे. १९३६ नंतर वझिरिस्तानात इप्पीच्या फकिराने इंग्रजांशी वर्षानुवर्षे झुंज दिली, ती रेघेलगतच्या गुहांच्या आधाराने. हजारोंची फौज असून तो हाती लागला नाही. १९६० साली आपल्या मरणाने गेला.

बंदुका कुठून येत होत्या? दऱ्याजवळच्या गावातले लोहार त्या हाताने घडवत, ते खरेच. पण मोठा साठा समुद्रावरून येई. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या कारखान्यांच्या रायफली जहाजाने मस्कतला उतरत, तिथून गलबतांनी मकरानच्या ओसाड किनाऱ्यावर, तिथून उंटांच्या तांड्यांनी अफगाणिस्तानात आणि शेवटी रेघ ओलांडून आफ्रिदींच्या खांद्यावर. मस्कतच्या सुलतानाचा फ्रान्सशी व्यापारी करार होता, त्याच्या आडोशाने इंग्रजांना हा धंदा सरळ बंद करता येत नव्हता. त्यातला बराच माल इंग्लंडमध्येच तयार झालेला असे, म्हणजे खैबरमध्ये गोऱ्या शिपायाला लागणारी गोळी पुष्कळदा त्याच्याच देशाच्या बंदुकीतून सुटे. अखेर १९१० च्या सुमारास आरमाराने आखाताची नाकेबंदी केली. जागतिकीकरण हा शब्द आपल्याकडे १९९१ नंतर तोंडात बसला. त्याचा व्यवहार त्या किनाऱ्यावर केव्हाच चालू होता.

तीच वाट आज उलट्या दिशेने वाहते. हेल्मंदची अफू आणि हेरॉइन, अमिराने सोडून दिलेल्या चागाईच्या वाळवंटातून मकरानला उतरते आणि गलबतांनी पूर्व आफ्रिकेकडे जाते. काही माल इराणमधून कंटेनरात चढतो. २०२१ च्या सप्टेंबरात गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांत सुमारे ३,००० किलो हेरॉइन सापडले. कागदोपत्री तो अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला टाल्क दगड होता. बँक कागद बघते, माल बघत नाही, हे लेटर ऑफ क्रेडिटच्या शिकवणीतले पहिले वाक्य. चोरट्या व्यापाऱ्यांनी ते आमच्यापेक्षा चांगले पाठ केलेले असते.

कागदाचा असा उपयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो अफगाण पारगमन व्यापारात. अफगाणिस्तानला समुद्र नाही. म्हणून १९६५ च्या करारानुसार त्याचा माल कराचीत बिनजकाती उतरवून मोहोरबंद ट्रकांनी तोरखम किंवा चमनला न्यायचा असे ठरले. ज्या देशात फार थोड्या घरांत वीज होती त्या देशाच्या नावावर टीव्ही, फ्रीज, एअर कंडिशनर येऊ लागले. ट्रक रेघ ओलांडून जात, शिक्का बसे, आणि तोच माल खेचरांवर, सायकलींवर, माणसांच्या पाठीवर परत अलीकडे येई. मधल्या पट्ट्यात कस्टमचा हात पोहोचत नव्हता. लंडी कोतल आणि बाऱ्याच्या बाजारात तो उघड विकला जाई, तिथून पेशावर, कराची. जकात जितकी जास्त, तितका खेचरवाल्याचा धंदा बरा. त्याला तस्कर म्हणणे कायद्याने बरोबर आहे. त्याच्या आजोबाच्या काळी तो याच वाटेने जाई, तेव्हा त्याला व्यापारी म्हणत. दर हिवाळ्यात गोमल खिंडीतून उतरणारे पोविंदे हिंग, सुका मेवा घेऊन बंगालपर्यंत जात. टागोरांची काबुलीवाल्याची गोष्ट १८९२ ची, करार व्हायच्या आदल्या वर्षीची. आपल्याकडे गिरणगावात ते व्याजाने पैसे देत फिरत आणि पठाणी व्याज हा शब्द मराठीला देऊन गेले.

मुंबईचा आणखी एक धागा आहे. मुंबईच्या गुन्हेगारी जगात ज्याचे नाव दोन पिढ्या गाजले तो करीम लाला कुनारहून आलेला, म्हणजे ड्युरँडच्या करारातल्या अस्मारच्याच खोऱ्यातला. त्या काळातला धंदा सोन्याचा. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याला बंधने घातली, दुबईचा भाव आणि झवेरी बाजारचा भाव यांत अंतर पडले आणि कोकणच्या खाड्यांत गलबते लागू लागली. १९९० मध्ये कायदा रद्द झाला, पुढे सोन्याची आयातही मोकळी होत गेली. अंतर मिटले. पण वाट मोडली नाही. माल उतरवणारे हात, डोळे मिटणारे अधिकारी, रात्रीचे ट्रक, सगळे जागेवर होते. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला याच वाटेने शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. तस्करीची वाट पोसताना तिच्यावरून उद्या काय येईल हे आपल्या हाती राहत नाही, याचा इतका जवळचा पुरावा दुसरा कशाला हवा?

खैबरमध्ये हेच कितीतरी मोठ्या मापाने घडले. १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौज अफगाणिस्तानात शिरली. पुढची दहा वर्षे अमेरिकेच्या आणि सौदीच्या पैशाची शस्त्रे कराचीत उतरून रेघेकडे जात होती. नकाशा बघा. कुर्रम खोऱ्याचे टोक पोपटाच्या चोचीसारखे अफगाणिस्तानात घुसले आहे. तिथून काबूल सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. मुजाहिदीनांचा पुरवठा या चोचीतून झाला, आणि ओसामा बिन लादेनने आपला जाजीचा तळ तिच्यासमोरच बांधला. २००१ च्या डिसेंबरात तोरा बोराच्या बर्फातून अल कायदाचे लोक निसटले ते याच डोंगराची धार ओलांडून. २००७ मध्ये पाकिस्तानी तालिबान उभे राहिले. २०१४ मध्ये पाकिस्तानी लष्कराने वझिरिस्तानात मोहीम काढली, तेव्हा ते रेघेपलीकडे कुनार, पक्तिकात गेले. जागा बदलते, रेघ तीच.

पैशाची बाजू कमी सुटसुटीत नाही. हवाल्यात दुबईला एकाने दिरहम द्यायचे, पेशावरच्या चौक यादगारात किंवा काबूलच्या सराय शाहजादात दुसऱ्याने नोटा मोजायच्या. पैसा सीमा ओलांडत नाही, फक्त देणे-घेणे उरते. ते पुढे मालाच्या बिलात भाव चढवून-उतरवून मिटवतात, आणि पारगमन व्यापाराइतकी सोयीची बिले दुसरीकडे कुठे मिळणार? गरीब मजुराचा पगार आणि हेरॉइनचा पैसा एकाच वहीत असतात. २००१ नंतर मदत करणाऱ्या संस्थासुद्धा त्याच वहीवर विसंबल्या. बड्या बँकाही सोवळ्या नव्हत्या. बीसीसीआय ही बँक अमेरिकेत अमली पदार्थांचा पैसा धुतल्याच्या खटल्यात गुन्हा कबूल करून बसली आणि १९९१ च्या जुलैत बंद पडली. तिची मुंबईची शाखा पुढे स्टेट बँकेच्या एका उपकंपनीने घेतली.

१९९४ मध्ये चमनच्या पलीकडे तालिबान उगवले, त्याची कथाही हिशेबाचीच आहे. चमन ते कंदाहार या रस्त्यावर टोळीवाल्यांनी जागोजाग साखळ्या बांधून ट्रकांकडून वसुली चालवली होती. क्वेट्टाच्या ट्रकवाल्यांना ती परवडेना. ऑक्टोबरात तालिबानांनी स्पिन बोल्दक घेतले, साखळ्या तोडल्या, आणि ट्रकवाल्यांनी खुशीने एकच जकात त्यांना दिली. धर्माचा आवेश खोटा नव्हता, पण पहिला नियमित हप्ता वाहतूकदारांचा होता. याच तालिबानांनी पुढे सत्ता मिळाल्यावर, १९९६ मध्येही आणि २०२१ मध्येही, ड्युरँडची रेघ मानली नाही. काबूलचे कोणतेच सरकार ती मानत नाही. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध एकच मत पडले, ते अफगाणिस्तानचे. पाकिस्तानने २०१७ पासून तारेचे कुंपण घातले. २०२३ मध्ये चमनला पासपोर्टची सक्ती केली, तेव्हा रोज सकाळी पलीकडे कामाला जाऊन संध्याकाळी घरी येणारे अचकझाई आणि नूरझाई मजूर महिनोन् महिने धरणे धरून बसले. २०२५ च्या ऑक्टोबरात दोन्ही फौजांत गोळीबार झाला, नाकी बंद पडली, फळांचे ट्रक उभ्या उभ्या सडले आणि पाकिस्तानात टोमॅटोचे भाव कित्येक पटींनी चढले.

कुंपणाने हे थांबेल असे म्हणणारे तिथेही आहेत आणि आपल्याकडेही. कुंपण खेचरवाल्याला आणि रोजंदारीच्या मजुराला अडवते, हे दिसलेच आहे. मोठा माल नेणाऱ्याला कुंपण आणखी एक भाव देते. चोरवाट जितकी अवघड, तितका तिचा दर जास्त, आणि तो दर देण्याची ऐपत ज्याच्याकडे हेरॉइन किंवा बंदूक आहे त्याचीच. ड्युरँडला हे कळायला हवे होते का? त्याने आपले काम चोख केले. त्याला रशियाला थोपवायचे होते, ते झाले. अमिराला पैसा आणि शस्त्रे हवी होती, ती मिळाली. तरीही मला त्याचा थोडा राग येतोच. ज्याने कादंबरीत माणसांच्या मनाचा ठाव घ्यायचा प्रयत्न केला, त्याला नकाशावरच्या त्या पट्ट्यातली माणसे दिसली नसतील असे कसे म्हणायचे?

करारानंतर त्याला सर्वोच्च शाबासकी मिळाली, पण पुढची कारकीर्द उताराची होती. १८९४ ते १९०० तो तेहरानला वकील होता. डोंगर पेटले तेव्हा तो तिथे होता. मग माद्रिद, आणि १९०३ पासून वॉशिंग्टन. अध्यक्ष रूझवेल्टला दगडधोंड्यांतून धावत फिरायची हौस. त्याने पन्नाशी उलटलेल्या ड्युरँडला रॉक क्रीकच्या ओढ्याकाठी असे पिटाळले की तो घामाघूम होऊन मेटाकुटीला आला. क्रिकेटवर जीव टाकणारा हा शिस्तीचा साहेब रूझवेल्टला कंटाळवाणा वाटे आणि त्या जागी आपला मित्र स्प्रिंग राइस यावा असे त्याला वाटत होते. १९०६ मध्ये ड्युरँडला परत बोलावले. तेव्हापासून त्याने पुस्तके लिहिली. नादिरशाहावर कादंबरी लिहिली, लायलचे आणि जनरल व्हाइटचे चरित्र लिहिले. बापाचे चरित्र त्याने १८८३ मध्येच लिहून टाकले होते. १९१० साली प्लिमथमधून पार्लमेंटची निवडणूक लढवली, ती हरला.

१९२४ च्या जूनमध्ये तो वारला. पुढच्या वर्षी खैबरची रेल्वे लंडी कोतलपर्यंत सुरू झाली आणि १९२६ मध्ये लंडी खानापर्यंत गेली. तिथून ड्युरँडची रेघ तीनेक किलोमीटरच राहिली होती. १९३२ मध्ये तो शेवटचा तुकडाही बंद करण्यात आला.